विश्लेषण : घरावर झुकलेले झाड धोकादायक कधी ठरते आणि तेव्हा काय करायचे?

वळवाचा पाऊस येतो तो आधी वारा घेऊन. एप्रिल-मेमधल्या एखाद्या दुपारी सांगली-मिरजेत किंवा साताऱ्याच्या माण-खटावकडे आभाळ काळवंडते, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात होत्याचे नव्हते होते. दुसऱ्या दिवशी पत्रे उडाल्याच्या, विजेचे खांब वाकल्याच्या आणि झाड घरावर पडल्याच्या बातम्या येतात. यातल्या पुष्कळ झाडांकडे घरातली माणसे आधीपासूनच धास्तीने बघत असतात. पण ‘नगरपालिका तोडू देत नाही’ आणि ‘उंबर तोडला तर पाप लागते’ या दोन वाक्यांच्या मध्ये तो विषय वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. निकाल लागतो तो वाऱ्याच्या हातून.

हा निकाल किती क्रूर असू शकतो, हे 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावाने पाहिले. अवकाळी पाऊस आणि वाऱ्यात मंदिराजवळचा जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला. आडोशाला थांबलेल्या भाविकांपैकी सात जणांचा जीव गेला. पाऊस आला की माणसे पत्र्याखाली आणि झाडाखालीच धावतात. झाडाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर दोन्ही धोके एकत्र येतात.

झुकलेले प्रत्येक झाड पडते का?

नाही. इथेच सर्वसाधारण समज चुकतो. उजेडाच्या ओढीने, शेजारच्या इमारतीची सावली टाळत वाढलेले झाड लहानपणापासून तिरके असते. त्याचे खोड खाली तिरके आणि वर सरळ झालेले दिसते, म्हणजे झाडाने आपला तोल पुढच्या वाढीत सावरलेला असतो. झुकण्याच्या विरुद्ध बाजूची मुळे जाड होतात, खोडातले लाकूडही त्या ताणाला जुळवून घेते. असे झाड तीस-चाळीस वर्षे तिरके उभे असते आणि पुढेही राहू शकते.

भीती बाळगायची ती नव्याने झुकलेल्या झाडाची. गेल्या पावसाळ्यात सरळ होते आणि आता कलले आहे, शेंड्यापर्यंत एकाच रेषेत कलले आहे, शेंडा वर वळलेला नाही, तर मुळांनी जमीन सोडायला सुरुवात केली आहे असे समजावे. मग नजर शेंड्याकडे नव्हे, बुंध्याकडे न्यावी. झाड ज्या बाजूला झुकले आहे त्याच्या उलट बाजूची माती फुगून वर आली आहे का, तिला अर्धगोलाकार भेगा पडल्या आहेत का, मुळे ताणून उघडी पडली आहेत का, कंपाऊंडची भिंत किंवा फरशी त्या जागी उचलली गेली आहे का? वाऱ्यात बुंध्याजवळची माती श्वास घेतल्यासारखी वरखाली होत असेल, तर त्या घराने ती रात्र त्या बाजूच्या खोलीत काढू नये.

मोजमापासाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. शेजारच्या गच्चीवरून तो खोडाच्या रेषेत सोडून लांबून फोटो काढावा. दहा फूट उंचीत खोड अडीच-पावणेतीन फूट बाहेर गेले असेल, तर कल साधारण 15 अंशांचा आहे. एवढा कल आणि जमिनीला भेगा, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर झाड धोकादायक मानले जाते. त्याहून साधा उपाय हातातच आहे. एकाच जागेवर उभे राहून, भिंतीची कड किंवा विजेचा खांब चौकटीत घेऊन, महिन्यातून एकदा मोबाइलवर फोटो काढावा. तारखेसह चार फोटो असले की झाड हलते आहे की नाही याचा वाद उरत नाही. पुढे अर्जालाही तेच जोडता येतात.

खोडाचीही तपासणी हवी. बुंध्यावर किंवा मुळांवर कानासारखी, थरांची कडक भूछत्रे उगवली असतील तर आतले लाकूड कुजते आहे. लाकडी हातोडीने ठोकल्यावर डबा वाजवल्यासारखा आवाज येणारे खोड पोकळ असते. मात्र पोकळ म्हणजे लगेच धोकादायक असे नाही. बाहेरच्या धडधाकट लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाली की चिंता वाढते. एकाच जागेवरून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन सारखे जाड फाटे फुटले असतील आणि त्या बेचक्यात उभी चीर दिसत असेल, तर तिथून अर्धे झाड फाटून येऊ शकते.

झाडाचा पाय कोण कापते?

झाड वाऱ्याने पडते हे अर्धे खरे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो, हे खरेच. पण एकाच गल्लीत, एकाच वाऱ्यात एक झाड पडते आणि दुसरे उभे राहते, यामागचे कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असते. झाडाची बहुतांश मुळे फार खोल नसतात. ती वरच्या दोन-तीन फुटांच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंतची जमीन जपावी, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. दीड फूट व्यासाच्या गुलमोहराला म्हणजे चहूबाजूंनी अठरा फूट जागा हवी. शहरातल्या किती झाडांना ती मिळते?

रस्ता रुंद होतो, गटार काढले जाते, पाण्याची पाइपलाइन, मग ड्रेनेज, मग इंटरनेटची केबल. जेसीबीचा प्रत्येक चर झाडाच्या एका बाजूची मुळे कापून जातो. वर पेव्हिंग ब्लॉक बसतात, खोडाला सिमेंटचा गळपट्टा बसतो. बाहेरून झाड हिरवेगार दिसते, कारण ते मरायला काही वर्षे लागतात. चर खणल्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी ते रस्त्याच्या उलट बाजूला, म्हणजे घरांच्या बाजूला पडते, तेव्हा त्या चराची आठवण कोणालाच नसते. झाड तोडायला परवानगी लागते. त्याची अर्धी मुळे तोडायला मात्र व्यवहारात कोणी विचारत नाही. घरमालकही यात मागे नाहीत. कंपाऊंडचा पाया, सेप्टिक टँक, पार्किंगची फरशी हे सगळे बुंध्याला खेटून केले जाते आणि नंतर ‘झाड धोकादायक’ असा अर्ज लिहिला जातो.

या दोन जिल्ह्यांत याला स्थानिक कारणांचीही जोड आहे. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भिजून लोण्यासारखी झाली की मुळांची पकड सैल होते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत सांगली परिसरातल्या कित्येक झाडांचे बुंधे दिवसेंदिवस पाण्यात होते. पाण्याखाली गुदमरलेली मुळे कुजतात, त्याचा परिणाम मागाहून दिसतो. कराड, वाळवा, पलूसच्या ऊसपट्ट्यात पाचट पेटवले जाते, तेव्हा बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे एका अंगाने जळतात. दरवर्षी तीच बाजू होरपळली की तिथे साल उरत नाही आणि झाड त्या बाजूने कमकुवत होते. वडाची गोष्ट आणखी वेगळी. जावळी तालुक्यातल्या म्हसवेच्या वडाची नोंद ब्रिटिशकालीन सातारा गॅझेटियरने घेतली ती त्याच्या विस्तारामुळे, आणि तो विस्तार पेलला तो जमिनीत उतरलेल्या पारंब्यांनी. पारंबी हा वडाने स्वतःच स्वतःला दिलेला टेकू. रस्त्याकडेच्या आणि अंगणातल्या वडांच्या पारंब्या वाहनांना, माणसांना अडतात म्हणून वरच्या वर छाटल्या जातात आणि मग त्याच वडाच्या आडव्या फांदीची भीती वाटू लागते.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड या बाबतीत विसरू नये असा. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा हा वड तोडला जाणार होता. 2020 मध्ये स्थानिकांनी आणि वृक्षप्रेमींनी आवाज उठवला, तो केंद्रीय मंत्र्यांपर्यंत गेला आणि रस्त्याची आखणी बदलण्याचा निर्णय झाला. राज्यभर त्याचे कौतुक झाले. दोन वर्षांनी, 2022 मध्ये, तोच वड पावसात कोसळला. झाड कुऱ्हाडीपासून वाचवणे हे एक काम आणि वाचवलेल्या झाडाची मुळे, आधार, तोल दरवर्षी तपासत राहणे हे दुसरे. पहिल्यासाठी आंदोलन लागते. दुसऱ्यासाठी एक नोंदवही आणि ती वाचणारा माणूस लागतो. आपल्याकडे आंदोलन उभे राहते. नोंदवही बहुतेक ठिकाणी नसते.

डोंगरउतारावरचे झाड झुकले तर?

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या घरांसाठी हा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर आहे. उतारावरची बरीच झाडे एकाच दिशेने झुकलेली दिसू लागली, तर दोष झाडांचा नसून जमिनीचा असू शकतो. माती हळूहळू खाली सरकते, तेव्हा तिच्यावरची झाडे, विजेचे खांब आणि कुंपणाचे दगडी बांध तिच्यासोबत कलतात. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावसारख्या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. अशा ठिकाणी एक झाड तोडून प्रश्न सुटत नाही, उलट माती धरून ठेवणारी मुळे गेल्याने उतार आणखी सैल होतो. नवी झुकलेली झाडे, जमिनीला पडलेली लांब भेग, अचानक गढूळ झालेला झरा, दारे-खिडक्या अडकू लागणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर कुऱ्हाड शोधू नये. घर सोडावे आणि तहसील कार्यालयाला किंवा 1077 या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवावे.

परवानगी कोणाची लागते?

झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी परवानगी लागते. महापालिका आणि नगरपरिषद हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. म्हणजे सांगली, मिरज, कुपवाड, सातारा, कराड या सर्व शहरांत लेखी अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही या कायद्यात ‘झाड तोडणे’च आहे. बुंध्याला ॲसिड घालणे, साल सोलणे, रात्रीतून शेंडा उडवणे या पळवाटा नव्हेत.

लोकांना सहसा माहीत नसलेला भाग पुढचा आहे. झाड जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक आहे, मेलेले किंवा रोगट आहे असे प्राधिकरणाचे मत झाले, तर परवानगी नाकारता येत नाही. आणि अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवणे बंधनकारक आहे. म्हणून अर्जाची पोच घेणे हा उपचार नाही. दिवस मोजायला तारीख तिथूनच मिळते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांपेक्षा जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ ठरवले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आणली. जुन्या झाडाची प्रक्रिया त्यामुळे अधिक काटेकोर आहे, आणि ते योग्यही आहे.

60 दिवसांचा हिशेब मात्र मे महिन्यात अर्ज करणाऱ्याच्या विरोधात जातो. वळीव मेमध्ये येतो, मान्सून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे अर्ज शिमग्याच्या आसपास, फार तर पाडव्याला पडायला हवा. प्रत्यक्षात वृक्ष विभागांकडे अर्जांची रीघ लागते ती पहिले झाड पडल्यावर. नगरपालिकांनीही ‘मान्सूनपूर्व कामे’ मेअखेरीस काढण्याऐवजी फेब्रुवारीत झाडांची पाहणी करून यादी जाहीर केली, तर अर्धे अर्ज लागणारच नाहीत.

नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागावा. मुंबईत चेंबूरला 2017 मध्ये रस्त्याने जाणाऱ्या महिलेवर नारळाचे झाड पडून तिचा मृत्यू झाला; ते काढण्याची परवानगी रहिवाशांनी आधीच मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. ‘वरून हिरवे दिसते’ हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. बुंध्याशी वाकून पाहिले का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क अर्जदाराला आहे.

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, मोह अशी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. ती मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत. चौकशी तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. झाड रस्त्याच्या हद्दीत असेल तर तो रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी शोधावे लागते. यात एखादा पावसाळा सहज जातो.

आणि झाड शेजाऱ्याचे असेल तर? गल्लीतली निम्मी भांडणे इथलीच. शेजारी ऐकत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 133) उपयोगी पडते. आसपास राहणाऱ्यांवर किंवा ये-जा करणाऱ्यांवर पडण्याची शक्यता असलेले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश प्रांताधिकारी उपविभागीय दंडाधिकारी म्हणून मालकाला देऊ शकतात. कायद्यात ‘झाड’ हा शब्द स्पष्ट आहे. प्रांताकडे जाण्याआधी शेजाऱ्याला फोटोंसह लेखी पत्र दिलेले असावे.

तोडायचे, छाटायचे की टेकू द्यायचा?

तोडणे हा शेवटचा पर्याय. कित्येक झाडांना घराकडे गेलेल्या दोन-चार जड फांद्यांचा भार कमी करणे पुरते. पण छाटणी तोल बघून व्हायला हवी. महावितरणची माणसे पावसाळ्यापूर्वी तारांखालच्या फांद्या कापतात, ते आवश्यकच आहे. मात्र तारा रस्त्याच्या बाजूला असतात, त्यामुळे रस्त्याकडची बाजू दरवर्षी रिकामी होते आणि घराकडची वाढत राहते. दहा वर्षांत सरळ झाड घराकडे ओढ घेऊ लागते. तारांची छाटणी झाल्यावर दुसऱ्या बाजूचा भार परवानगीने हलका करून घ्यावा. शेंडा सरसकट उडवणे मात्र टाळावे. त्या जागी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि दोन-तीन वर्षांत जाड होऊन तेच मोडून पडतात.

मे महिन्यात साताऱ्यात गुलमोहर फुलतो, 1 मे रोजी तिथे त्याचा दिवसही साजरा होतो. मूळचे मादागास्करचे हे झाड देखणे खरे, पण फांद्या ठिसूळ, मुळे उथळ. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, निलगिरी घराला खेटून असतील तर त्यांच्याकडे आंबा-चिंचेपेक्षा जास्त वेळा बघावे. दोन-तीन वर्षांचे रोप वाऱ्याने कलले असेल तर ते वाचते. माती ओली असतानाच सरळ करून, मुळे झाकून, दोन-तीन खुंटांना सायकलच्या जुन्या ट्यूबने सैल बांधावे आणि वर्षभराने बांधणी सोडावी. मोठ्या झाडाला दोर लावून ट्रॅक्टरने सरळ करण्याचा प्रयोग मात्र करू नये. उरलेली मुळेही तुटतात.

झुकलेले मोठे झाड घरच्या घरी तोडणे तर सर्वांत वाईट. अशा खोडाची वरची बाजू ताणलेली, खालची दाबलेली असते. अर्धा काप होताच खोड उभे फाटून मागे उसळू शकते आणि करवत चालवणारा तिथेच उभा असतो. खाली दोर धरून उभी असलेली माणसे झाडाच्या उंचीच्या आत असतात, हे आणखी एक. ‘लाकूड तुम्हाला, तोडणी फुकट’ हा वखारीशी होणारा सौदा स्वस्त वाटतो, पण त्यात सोयीने खोड पाडण्याकडे कल असतो, घर वाचवण्याकडे नव्हे. घराजवळचे झाड वरून खाली, फांदी-फांदी दोराने किंवा हायड्राने उतरवावे लागते. कमरेला दोर, डोक्याला हेल्मेट, विजेची लाइन महावितरणकडून बंद करून घेतलेली आणि झाडाच्या दीडपट उंचीचा परिसर मोकळा, एवढे ठरल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नये. मजूर जखमी झाला तर पहिला प्रश्न घरमालकाला विचारला जाईल.

आणि एकदा वर बघावे, मोहोळ आहे का. मूळचे सातारा जिल्ह्यातले अभिनेते सयाजी शिंदे 2022 मध्ये पुणे-बंगळुरू महामार्गावर तासवडेजवळ झाडे वाचवण्याच्या कामावर असताना मधमाश्यांनी त्यांच्यावर हल्ला केला होता. आग्या मोहोळ असलेल्या झाडावर चढलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

वारा सुटला आणि झाड हलू लागले तर?

झाडाच्या बाजूच्या खोल्या रिकाम्या कराव्यात, पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडून पक्क्या छताखाली जावे. गाडी हलवायला बाहेर धावू नये. अग्निशमन दलाचा 101 किंवा 112 क्रमांक फिरवावा. झाड तारांवर पडले असेल तर झाडाला, ओल्या कुंपणाला, लोखंडी गेटला हात लावू नये. दहा मीटर दूर राहून महावितरणच्या 1912 वर कळवावे. डीपीवर काठीने फ्यूज काढणारा गावातला धाडसी माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्या रात्री त्याला घरात बसवावे.

छतावर पडून अडकलेले झाड स्थिर दिसते, तसे ते नसते. एक फांदी कापली की सगळा भार दुसरीकडे सरकतो. ते काढण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, सरकारी मदतीला तो लागतो. घराचा ‘भारत गृह रक्षा’ विमा असेल तर झाड पडून झालेले नुकसान त्यात येते. झाडाखाली दबलेल्या गाडीला मात्र निव्वळ थर्ड पार्टी विमा असेल तर काहीही मिळत नाही. झाड आधीच कलले होते हे दाखवणारे मोबाइलमधले जुने फोटो आणि अर्जाची पोच त्या कागदांसोबतच ठेवावी.